पाण्यातला मनोरा

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण. वक्त्यांनी स्वतः लिहून दिलेल्या मजकुरावरून.)



मला दहा मिनिटं दिली आहेत. सेक्रेटरींनी सकाळी पुन्हा फोन करून आठवण केली की काका, दहाच मिनिटं, नंतर ऑर्केस्ट्रा आहे. पस्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला वेळेचं सांगावं लागत नाही, पण माईकचा मोह वाईट असतो, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

मला संस्थेच्या पंचवीस वर्षांचा आढावा घ्यायला सांगितलं होतं. तो अहवालात छापलेला आहे. बोअरवेल कधी मारली, रंग कधी काढला, लिफ्ट कधी बदलली, सगळं तारखेनिशी आहे. मी म्हटलं, मी एका फोटोबद्दल बोलतो. पडद्यावर दिसतोय तो. मागच्यांना दिसतोय ना? वरचं अर्धं चित्र म्हणजे आपल्या वसईच्या किल्ल्यातलं सेंट जोसेफ चर्च, त्याचा मनोरा. खालचं अर्धं म्हणजे त्याच चर्चच्या जमिनीवर साचलेल्या पावसाच्या पाण्यात पडलेलं त्याचं प्रतिबिंब. आणि डाव्या कोपऱ्यात जे काळं काहीतरी आलंय, ते काय आहे ते शेवटी सांगतो.

मी मूळचा नाशिकचा, हे तुम्हाला माहीत आहे. आमचं घर पंचवटीत. शाळेत जाता-येता नारोशंकराचं देऊळ लागायचं. गोदावरीच्या काठावर, 1747 साली बांधलेलं. त्या देवळाच्या तटावर एक मोठी घंटा आहे. तिच्यावर 1721 हे साल कोरलेलं आहे. ही घंटा वसईच्या लढाईतली, पोर्तुगीजांकडून आणलेली, हे आम्हाला मराठी चौथीपासून पाठ. पाहुणे आले की आम्ही पोरं त्यांना दुतोंड्या मारुती दाखवायचो, रामकुंड दाखवायचो आणि मग मान वर करून सांगायचो, ‘ती बघा, चिमाजी अप्पांनी जिंकलेली घंटा!’ जणू काही आम्हीच ती पाठीवर घालून आणली होती.

नोकरीत बदल्या झाल्या, मुंबई झाली, आणि 1999 साली कर्ज काढून आपण सगळे इथे वसईत राहायला आलो. त्या वेळी रस्ता नव्हता, स्टेशनवरून येताना चपला हातात घ्याव्या लागत. म्हणजे ज्या गावातून ती घंटा नाशिकला गेली, त्या गावात मी येऊन राहिलो. आणि गंमत बघा, एकोणीस वर्षांत किल्ल्यात मी गेलो तो दोनदा. दोन्ही वेळा पाहुण्यांना घेऊन, दोन्ही वेळा जानेवारीत. भिंती बघितल्या, चिमाजी अप्पांच्या स्मारकाला नमस्कार केला, उसाचा रस प्यायलो आणि परत.

आता दुसरी गोष्ट. ती सांगायला थोडा संकोच वाटतो, पण जुन्या सभासदांना ती माहीतच आहे. कमिटीच्या फाईलमध्ये ती अजून असेल.

माझ्या वरच्या फ्लॅटमध्ये सर राहायचे. नाव घेत नाही, आपल्या सोसायटीत ‘सर’ म्हटलं की एकच. वसईचेच, इथल्या ख्रिस्ती समाजातले, घरात कादोडी बोलणारे. शाळेत भूमिती शिकवायचे. 2011 च्या पावसाळ्यात माझ्या बाथरूमच्या स्लॅबला ओल आली. आधी बशीएवढा डाग, मग ताटाएवढा, मग प्लास्टर पडायला लागलं. मी वर गेलो, सांगितलं. सरांनी प्लंबर आणला, टाईल्सचे सांधे भरून घेतले. पुढच्या पावसात पुन्हा ओल. मी पुन्हा वर गेलो. सर म्हणाले, ‘साहेब, माझी बाथरूम कोरडी आहे, या आणि बघा.’ मी म्हटलं, ‘मला तुमची बाथरूम बघायची नाही, माझा स्लॅब बघा.’ झालं. तिथून बिनसलं.

मग मी बँकेतला माणूस, मी पत्रव्यवहार सुरू केला. ‘संदर्भ : माझे पत्र दिनांक अमुक.’ उपविधींमध्ये लिहिलं आहे की फ्लॅटच्या आतली गळती ज्याची त्याने दुरुस्त करायची. त्या कलमाची झेरॉक्स जोडून मी सात वर्षांत नऊ पत्रं लिहिली. सरांनी दोन उत्तरं दिली, सुंदर अक्षरात. वार्षिक सभेत आम्ही दोन टोकांना बसायचो. लिफ्टमध्ये सर असले तर मी जिन्याने जायचो, गुडघे दुखत असूनही. माझी सौ. आणि सरांच्या मॅडम मात्र एकमेकींना वाटीभर काहीतरी देतच होत्या. नाताळात वरून फराळ यायचा, दिवाळीत खालून जायचा. तो खाताना मला कधी त्रास झाला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

सात वर्षं. 2011 ते 2018.

2018 चा जुलै तुम्हाला आठवतो. पाऊस थांबेचना, लोकल बंद, सगळ्या वसई-विरारमध्ये पाणी. आपल्या कंपाउंडमध्ये कमरेपर्यंत होतं. पंपाची खोली बुडाली, वीज गेली. तळमजल्याची कुटुंबं वर आली, कोणाकडे कोण झोपलं याचा हिशोब राहिला नाही. तिसऱ्या दिवशी पाऊस थांबला, वारा पडला, आणि पाणी आरशासारखं स्थिर झालं. मी गॅलरीत उभा होतो. समोरची ए विंग सगळीच्या सगळी पाण्यात उलटी दिसत होती. वाळत घातलेल्या कपड्यांसकट. निवृत्तीच्या वेळी मुलाने दिलेला डिजिटल कॅमेरा होता, त्यात थोडी बॅटरी होती. मी फोटो काढायला लागलो.

वरून आवाज आला. ‘साहेब, कसले फोटो काढताय?’

मान वर केली. सर त्यांच्या गॅलरीतून खाली वाकून बघत होते. सात वर्षांनी आवाज ऐकला. मी म्हटलं, ‘बिल्डिंगचे. पाण्यातल्या.’ सर म्हणाले, ‘बिल्डिंगचे काय काढता? पाणी ओसरलं की माझ्याबरोबर किल्ल्यात चला. पाण्यातलं चर्च दाखवतो.’

का ‘हो’ म्हटलं, माहीत नाही. तीन दिवस अंधारात बसल्यावर माणूस भांडणसुद्धा विसरतो बहुतेक.

ऑगस्टमध्ये एका बुधवारी सकाळी साडेसहाला आम्ही निघालो. दोघांच्या बायकांनी वरखाली गॅलरीतून बघितलं. कॅमेऱ्यासाठी मी जय्यत तयारी केली होती. प्लॅस्टिकच्या पिशवीला भोक पाडून त्यातून भिंग बाहेर काढलं आणि रबर बँड लावला. खिशात दोन सुती रुमाल. पावसाळ्यात कॅमेऱ्याचा खरा शत्रू पाऊस नाही, दमट हवा. घरी आलो की कॅमेरा पुसून, सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या घट्ट डब्यात ठेवायचा, नाहीतर भिंगावर बुरशी धरते. हे मी माझ्या जुन्या रोलच्या कॅमेऱ्याचं भिंग वाया घालवून शिकलोय.

सरांच्या हातात एकच गोष्ट. मोठी, काळी, लाकडी मुठीची छत्री.

किल्ल्यात शिरल्यावर मला वाटलं, मी आधी आलो होतो तो हा किल्लाच नव्हे. जानेवारीत जे करड्या दगडाचे पडके सांगाडे होते, ते हिरवेगार झाले होते. भिंतींवर शेवाळ, नेचे, फटीफटीतून पिंपळ. ताडांच्या मधून समुद्रावरचं धुकं येत होतं. बाहेरच्या वाटेने किल्लाबंदरच्या कोळणी टोपल्या घेऊन चालल्या होत्या. बाकी चिटपाखरू नाही.

सर चालता चालता सांगत होते, वर्गात सांगावं तसं. 1534 साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. मग दोनशे वर्षं हे त्यांचं उत्तरेकडचं मुख्य ठाणं. आत जेझुइट, फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, सगळ्यांची चर्च आणि मठ. इथे जन्मलेला गोन्सालो गार्सिया पुढे जपानला गेला, 1597 साली नागासाकीला क्रुसावर मारला गेला, आणि 1862 मध्ये पोपने त्याला संत म्हणून जाहीर केलं. भारतात जन्मलेला पहिला संत, आपल्या वसईचा. मी वसईत एकोणीस वर्षं राहून हे नाव फक्त एका शाळेच्या आणि कॉलेजच्या पाटीवर वाचलं होतं.

मग 1739. ते मी सांगायला सुरुवात केली. चिमाजी अप्पांची मोहीम, सुरुंग, बुरूज उडवणं, आणि मे महिन्यात शरण आलेला किल्ला. माझा आवाज थोडा चढला असावा. सरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, ‘बरोबर. आणि तहाप्रमाणे पोर्तुगीज सामानसुमान घेऊन निघून गेले. आम्ही कुठे जाणार? आमची शेतं इथे, विहिरी इथे. आम्ही राहिलो.’

रागाने नाही म्हणाले. ‘आज मंगळवार आहे’ असं सांगावं तसं म्हणाले. मी इतक्या वर्षांत त्या लढाईत दोनच बाजू धरल्या होत्या, जिंकलेले आणि गेलेले. राहिलेले लोक माझ्या डोक्याच्या वर राहत होते, आणि मी त्यांना पत्रं लिहीत होतो.

सेंट जोसेफ चर्च किल्ल्यातलं जुनं, सोळाव्या शतकातलं. 1601 मध्ये ते पुन्हा बांधून काढलं. आता छप्पर नाही. समोर चौकोनी मनोरा उभा आहे, आणि मागे लांबलचक उघडा दिवाणखाना असावा तशा चार भिंती. छप्पर नसल्यामुळे पाऊस थेट चर्चच्या आत पडतो. त्यामुळे पावसाळ्यात चर्च स्वतःच्याच जमिनीत दिसतं, त्यासाठी तळं लागत नाही की नदी लागत नाही.

सरांनी मला आत नेलं, एका सखल जागी थांबवलं आणि म्हणाले, ‘हे.’

डबकं म्हणजे केवढं, आपल्या सतरंजीएवढं. खोली बोटभर. मी उभ्याने बघितलं तर मला तळाचा चिखल, दोन पानं आणि एक बेडूक दिसला. म्हटलं, ‘सर, यात काय आहे?’ सर म्हणाले, ‘खाली बसा.’

आता माझे गुडघे. पण बसलो. आणखी खाली. शेवटी एक गुडघा चिखलात टेकून, कॅमेरा पाण्यापासून वीतभर वर धरला, तेव्हा चिखल नाहीसा झाला आणि त्या जागी आख्खा मनोरा आला. ही काही जादू नाही. पाण्याकडे वरून पाहिलं तर पाणी फार थोडा प्रकाश परत पाठवतं, बाकीचा आत जातो आणि तळ दिसतो. जितकं आडवं, जितकं खालून पाहावं, तितका पाण्याचा आरसा होतो. मुलांनो, उद्या बाथरूममधल्या बादलीत करून बघा.

पहिले वीसेक फोटो वाया गेले. घरी येऊन मोठे करून पाहिले तर पाण्यावरचं पान टवटवीत आणि मनोरा धूसर. कॅमेरा आपोआप जवळची गोष्ट पकडतो, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग. पण प्रतिबिंब पाण्यावर नसतंच. मनोरा जितका लांब, प्रतिबिंबातला मनोराही कॅमेऱ्याला तितकाच लांब. नेम पाण्यावर नाही, मनोऱ्यावर धरायचा. हे सरांनी मला तिथेच काठीने चिखलात रेघा मारून शिकवलं. आपाती कोन, परावर्तित कोन. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, पण हातात काठी आली की माणूस शिक्षकच.

त्याच आकृतीत त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, आणि त्यासाठीच मी आज हे सगळं सांगतोय. ते म्हणाले, ‘साहेब, लोकांना वाटतं की प्रतिबिंब म्हणजे तेच चित्र उलटं. तसं नाही. तुमचा डोळा पाण्याच्या जितका वर आहे, तितकाच पाण्याच्या खाली आहे असं समजा. तिथून वर बघितल्यावर जे दिसेल, ते पाण्यात दिसतं. ती कमान बघा. वर बघून मला सांगा, कमानीचं पोट किती दिसतं?’

मी वर पाहिलं. थोडंसंच दिसत होतं.

‘आता पाण्यात बघा.’

पाण्यात कमानीचा आतला भाग जास्त दिसत होता. दगडांचे सांधे, त्यातून लोंबणारी मुळं. पडद्यावरचा फोटो नीट बघा, वरची कमान आणि खालची कमान अगदी एकसारखी नाही. जमिनीच्या खाली जाऊन कोणी उभं राहू शकत नाही. पण त्या जागेवरून चर्च कसं दिसतं, ते बोटभर पाणी दाखवतं.

पाऊस पुन्हा सुरू झाला. थेंब पडले की चित्र मोडतं. अशा वेळी काही करता येत नाही, थांबावं लागतं. आम्ही मनोऱ्याच्या खाली आडोशाला उभे राहिलो. मी वर पाहिलं. मनोऱ्याच्या वरच्या कमानी रिकाम्या. मी सहज बोलून गेलो, ‘घंटा नाही हो कुठे.’

सर माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, ‘ते तुम्ही मला विचारता? नाशिककर?’

मला काय बोलावं सुचेना. साठ वर्षं जी घंटा मी अभिमानाने लोकांना दाखवली, तिची रिकामी जागा कधी डोळ्यांसमोर आलीच नव्हती. मी म्हटलं, ‘सर, लहानपणी आमच्या शाळेच्या वाटेवरच होती ती.’ मग मी त्यांना सगळं सांगितलं. देऊळ, तट, गोदावरीचे पूर, आम्हा पोरांची बढाई. सर छत्री टेकून ऐकत होते. म्हणाले, ‘मी कधी बघितली नाही. कुठल्या मनोऱ्यातली ते सोडा, वसईतली आहे ना? एकदा बघायची आहे. हात लावता आला तर लावायचा.’

मी म्हटलं, ‘त्यात काय, दिवाळीनंतर जाऊ.’

पाऊस थांबला. वारा नव्हता. मी पुन्हा गुडघा टेकला. छपरावरून नाही, कारण छप्पर नाही, पण भिंतीवरच्या पिंपळावरून थेंब ठिबकत होते, ते कॅमेऱ्यावर पडू नयेत म्हणून सरांनी छत्री माझ्या डोक्यावर धरली, आणि मी पुढे झुकून डबक्यात पडू नये म्हणून दुसऱ्या हाताने मागून माझा शर्ट धरला. त्या स्थितीत हा फोटो निघाला. पहाऱ्यावरचा माणूस लांबून बघत होता. दोन म्हातारे काय करताहेत, असं त्याला वाटलं असणार.

परत येताना रिक्षात सर म्हणाले, ‘साहेब, आता तुम्ही माझी बाथरूम बघायला या.’

मी गेलो. पहिल्यांदा. खरंच कोरडी खडखडीत होती. मग ते खाली आले आणि माझा स्लॅब त्यांनी निरखून पाहिला. भूमितीचा माणूस, ओलीची कड कुठून सुरू होते ते बघितलं. म्हणाले, ‘ही ओल वरून आलेली नाही, बाजूने आलीय.’ डक्टमध्ये माणूस उतरवला. तिथला सांडपाण्याचा चार इंची पाईप मागच्या बाजूने चिरलेला होता. तो पाईप माझा नाही, सरांचा नाही, सोसायटीचा! कमिटीने तो बदलला, दोन दिवसांचं काम. (हसू नका, तेव्हाचे सेक्रेटरी पुढच्या रांगेत बसलेत.) सात वर्षं मी खाली उभा राहून वर बघत होतो आणि ठरवून टाकलं होतं. वर जाऊन खाली बघायचं सुचलंच नाही.

त्यानंतर दर पावसाळ्यात आम्ही किल्ल्यात जाऊ लागलो. फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये जमिनीवर थडग्यांच्या शिळा आहेत, त्यांवर पाणी साचतं आणि त्या पाण्याखाली पोर्तुगीज अक्षरं दिसतात. सर म्हणायचे, ‘फोटो काढा, पण कडेने चाला. माणसं झोपलीत.’ मी कडेने चालायला लागलो. मग मलाही त्यांनी विचारलं, आणि नागेश्वराच्या देवळात आम्ही दोघं बसलो. तेही किल्ल्यातच आहे. मी नमस्कार केला, सरांनी छत्री बाहेर ठेवली आणि शांत बसून राहिले.

दिवाळीनंतर नाशिकला जायचं मात्र राहिलं. 2018 ला माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. 2019 ला त्यांची मुलगी बाळंतपणाला आली. 2020 च्या एप्रिलची तारीख नक्की केली होती, तिकिटं काढली होती, आणि मार्चमध्ये सगळंच बंद झालं. त्या वर्षी आम्ही गॅलरीतूनच बोलायचो, मी मान वर करून, ते खाली वाकून. 2021 च्या एप्रिलमध्ये सर आजारी पडले. हॉस्पिटलमध्ये नेलं ते परत आले नाहीत. त्या दिवसांत दफनाला मोजकीच माणसं जाऊ देत. मी गेटपर्यंतच जाऊ शकलो. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी त्या वेळी गॅलरीत उभं राहून हात जोडले होते, मॅडम अजून त्याची आठवण काढतात.

पुढच्या वर्षी मी नाशिकला गेलो. नारोशंकराच्या देवळासमोर उभा राहिलो. घंटा तिथेच, तशीच. साठ वर्षांपूर्वी आम्ही मान ताठ करून तिच्याकडे बोट दाखवायचो. या वेळी मला तिच्या मागे तो रिकामा मनोरा दिसत होता. अभिमान गेला असं म्हणणार नाही. लहानपणीचा आहे, तो जात नाही. पण आता त्याच्या शेजारी दुसरंही काहीतरी बसलंय. मी फोटो काढला आणि त्याची प्रिंट मॅडमना नेऊन दिली. त्यांनी ती सरांच्या टेबलावर, या मनोऱ्याच्या फोटोच्या बाजूला ठेवली. म्हणाल्या, ‘चला, भेट झाली एकदाची.’

‘दिवाळीनंतर जाऊ’ हे वाक्य मी आता वापरत नाही. तुम्हीही जरा कमी वापरा, एवढं मोठ्या वयाचा माणूस म्हणून सांगतो.

आता तो काळा कोपरा. माझ्या नातवाने फोटो कॉम्प्युटरवर बघितला आणि म्हणाला, ‘आजोबा, हे काळं मध्ये येतंय, मी कापून देतो, एका मिनिटाचं काम.’ तो काळा कोपरा म्हणजे सरांच्या छत्रीची कड आहे. पाण्यात तिचंही प्रतिबिंब पडलंय. फोटोच्या नियमाने ती चूकच आहे. पण सरांचा माझ्याकडे तेवढाच फोटो आहे. आम्ही दोघं इतक्या वेळा किल्ल्यात गेलो, शेकड्यांनी फोटो काढले, आणि एकमेकांचा काढायचं एकदाही लक्षात आलं नाही.

मॅडमच्या परवानगीने या फोटोची मोठी फ्रेम मी आज संस्थेला देतो आहे. कमिटीने ती बी विंगच्या लिफ्टपाशी लावायचं कबूल केलंय. ज्या लिफ्टमध्ये सर असले की मी जिन्याने जायचो, तीच.

शेवटची विनंती. येत्या ऑगस्टमध्ये एका रविवारी, पाऊस पडून थांबला की, मी किल्ल्यात जाणार आहे. ज्यांना यायचंय त्यांनी वॉचमनच्या केबिनमध्ये वही ठेवली आहे, तिच्यात फ्लॅट नंबर लिहावा. मोठा कॅमेरा लागत नाही, मोबाईल चालतो. मोबाईल उलटा धरला की त्याचं भिंग पाण्याच्या अगदी जवळ जातं, त्यामुळे माझ्यासारखा गुडघा टेकावा लागत नाही. तिवई आणू नका, पुरातत्त्व खात्याची जागा आहे, तिला परवानगी लागते. चांगल्या तळव्याची पादत्राणं घाला, शेवाळावरून घसरायला होतं, आणि मनोऱ्याच्या गोल जिन्यावर पावसात कोणीही चढायचं नाही. मुलांना आणा. मॅडम येणार आहेत, त्या इथल्या चर्चची माहिती माझ्यापेक्षा चांगली सांगतात.

एक मात्र, सगळ्यांनी छत्री आणायची. एकाने फोटो काढायचा आणि दुसऱ्याने त्याच्या डोक्यावर धरायची. जोड्या मी लावीन. कोणाची कोणाशी गळतीवरून बोलाचाली बंद आहे, त्याची यादी कमिटीकडे आहेच!

दहाची पंधरा मिनिटं झाली. ऑर्केस्ट्रावाल्यांची क्षमा मागतो आणि थांबतो.